कोऱ्या कापडाची वाकळ

सेलूच्या बाजारपेठेत माझं शिलाईचं दुकान आहे. कापड बेतताना टेबलाखाली जे तुकडे पडत, त्यांच्याकडे मी कित्येक वर्षं पाहिलंच नाही. ते तुकडे माझी अक्का नेत असे. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आई लवकर गेली आणि मला तिनंच वाढवलं. तिचं सासर पाथरीकडच्या एका खेड्यात. तिथं ती लोकांना वाकळा शिवून द्यायची. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. तिला लग्नात मिळालेली हातमशीन तिनं मला देऊन टाकली होती. मी त्याच मशीनवर शिकलो.

बाजाराच्या दिवशी ती एसटीनं यायची. दुकानात खाली बसून ढिगातले तुकडे निवडायची, पोतं भरायची आणि दुपारच्या गाडीनं परत जायची.

एकदा ऐन लग्नसराईत एक बडं गिऱ्हाईक सूट शिवायला आलं. मी नुकतीच दुकानाला काच बसवली होती आणि त्या काचेची धुंदी माझ्या डोक्यात होती. गिऱ्हाइकानं खाली बसलेल्या अक्काकडे पाहून विचारलं, "ह्या कोण?"

मी म्हणालो, "चिंध्या न्यायला येतेत त्या."

एवढंच बोललो. ओरडलो नाही, हाकललं नाही. अक्कानं हातातला तुकडा पोत्यात टाकला, पोत्याचं तोंड बांधलं आणि ती निघून गेली. पुढच्या बाजाराला ती आली नाही. नंतर कधीच आली नाही. बायकोनं चौकशी केली तेव्हा निरोप आला, गुडघे दुखतात. मी ते खरं मानलं, कारण ते मानणं मला सोयीचं होतं. मी राखीला जायचो, दिवाळीला ती ओवाळायची, वाढताना आग्रह करायची. पण दुकानाचा विषय तिनं काढला नाही आणि मीही नाही. अकरा वर्षं अशी गेली. तुकडे घंटागाडीत जात राहिले.

पुढे तयार कपड्यांमुळे माझं काम कमी झालं. दुपारी हात रिकामे राहू लागले, तसा तो प्रसंग रोज डोळ्यांसमोर यायला लागला. वाटलं, आपण अक्कासाठी एक वाकळ शिवावी, तिच्यासमोर ठेवावी आणि मग बोलावं. रिकाम्या हातानं बोलायची माझी हिंमत नव्हती.

तीन आठवडे खपून मी रंगाला रंग जुळवले, काटकोनात तुकडे कापले, सरळ शिलाई मारली. वाकळ देखणी झाली. खडूच्या खुणा जाव्यात म्हणून ती एकदा धुतली आणि सगळा घोटाळा झाला. सुती तुकडे आटले, टेरीकॉटचे फुगून वर आले, लाल रंग पांढऱ्यात उतरला. वाकळ शिवतात ती बहुतेक वापरून, धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांची. कोऱ्या कातरणाची वाकळ करायची तर आधी काय करावं लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं. गिऱ्हाइकांना मात्र मी रोज सांगायचो की कापड पाण्यातून काढून आणा.

बायको म्हणाली, "न्या तशीच. अक्का हसतील तरी."

तशीच नेली. सोबत कातरणाचं एक पोतंही घेतलं. अक्काच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू आहे. तिनं वाकळीवरून हात फिरवला.

"आरं, हे काय? पापड शिवलेत का वाळायला घातलेले? कुणी केली ही?"

"मी."

"टेलर हायेस न तू?"

"हाय."

"मग सांगू नको कुणाला." आणि ती खरंच हसली, पदर तोंडाला लावून. मग म्हणाली, "उसव सगळी."

मी दोन दिवस तिथंच राहिलो. ब्लेडनं एकेक शिवण उसवत गेलो. ती सुटलेले तुकडे मांडीवर घेऊन निवडत होती. बोट ओलं करून कापडावर टेकवायची. ज्यानं पाणी पटकन प्यायलं ते सुती, ज्यावरून पाणी घसरलं ते टेरीकॉट. टेरीकॉट वाकळीच्या पोटात घालायचं, अंगाला लागू द्यायचं नाही. सुती आधी रात्रभर भिजवायचं. "लाल असंल ते बाजूला काढ, मला दिसंना," म्हणायची. मी रंग सांगत होतो, ती कापड सांगत होती.

दुसऱ्या दुपारी मी मान खाली घालून म्हणालो, "अक्का, त्या दिवशी दुकानात मी…"

"हूं."

"मी त्या माणसाला म्हणलो…"

"चिंध्या न्यायला येतेत, म्हणलास. डोळे गेलेत माझे, कान न्हाई गेले."

तीच पुढे बोलली. "लय लागलं मला. गाडीत पोतं मांडीवर घेऊन रडले. वाटलं, द्यावं फेकून खिडकीतून. पण त्यात एक निळं पॉपलीन होतं, लय चांगलं. जीव झाला न्हाई."

"मग गुडघे?"

"गुडघे तवा धड होते. तुझ्या बायकूला काय सांगायचं मी?"

"चुकलं माझं, अक्का."

"चुकलंच," ती म्हणाली आणि पुढचा तुकडा उचलला. 'जाऊ दे' असं ती म्हणाली नाही. त्याबद्दलही मी तिचा ऋणी आहे. ती तसं म्हणाली असती तर मला कधीच खरं वाटलं नसतं.

तेवढ्यात शेजारची बाई दारातून डोकावली. "कोण ओ अक्का हे? गडी माणूस अन् वाकळ उसवायलाय!"

अक्कानं मानही वर केली नाही. "भाऊ हाय माझा, धाकटा. सेलूला दुकान हाय त्याचं. लय मोठा टेलर हाय." मग म्हणाली, "वाकळ तेवढी येत न्हाई त्याला. शिकवायलेय मी."

बाई हसली. मी खाली बघत ब्लेड चालवत राहिलो, पण शिवण कुठं आहे ते मला काही दिसत नव्हतं.

आता दुकानाच्या सुट्टीला मी पोतं घेऊन पहिल्या गाडीनं तिच्याकडे जातो. माझ्या उतारवयात मला पुन्हा कुणीतरी शिकवतंय, आणि ते माणूस अक्का आहे, याहून मोठं काही मी मागितलं नसतं. गेल्या खेपेला तिनं कडेचा धावदोरा बोटानं चाचपला आणि दोनदा उसवायला लावला. मी दोनदा उसवला. तिसऱ्यांदा तिनं पुन्हा बोट फिरवलं आणि या वेळी उसवायला न लावता कोपरा माझ्याकडून स्वतःच्या मांडीवर ओढून घेतला.