आप्पांचं दसऱ्याचं उड्डाण

मी दिल्लीला निघालेलं विमान आजवर एकदाही दिल्लीत उतरवलेलं नाही. (प्रवाशांच्या नातेवाइकांनी घाबरू नये. विमान आमच्या कॉम्प्युटरमध्ये होतं.)

दोन हजार सालानंतरची, तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या आमच्या वस्तीवरची ही गोष्ट. मी कोरेगाव भीमाच्या बाजूला एका कारखान्यात स्टोअरला होतो. पायलट व्हायचं लहानपणापासून डोक्यात होतं, पण बारावीच्या मार्कांनी आणि चष्म्यानं मिळून मला जमिनीवरच ठेवलं. मग जुना कॉम्प्युटर घेतला, जॉयस्टिक घेतली आणि पुण्याच्या मित्राकडून एका प्रवासी विमानाच्या गेमची सीडी आणली. विमान साधंसुधं नव्हे, अगदी हुबेहूब! बॅटरी, पंप, दिवे, सगळी बटणं खऱ्या पायलटसारखी ओळीनं दाबल्याशिवाय इंजिन घरघरतसुद्धा नसे. दिल्लीला खरोखरीचे दोन तास लागत. तेवढ्यात वस्तीवर कुणीतरी विहिरीची मोटर चालू करायचं, व्होल्टेज बसायचं आणि माझं विमान ग्वाल्हेरच्या अलीकडे प्रवाशांसकट गायब व्हायचं.

माझे वडील, आप्पा, मागे खुर्ची टाकून हे सगळं बघायचे. त्यांची निम्मी जिंदगी मेंढरांमागं चालण्यात गेली होती. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या आधी परत यायचं. मी शाळेत जायला लागलो तसं घर एका जागी बसलं, मेंढरं विकली आणि आप्पा उसाला पाणी द्यायला लागले. पण आकाशात विमान वाजलं की अजून खोरं टेकवून वर बघायचे.

"आम्ही खाली वाटंला, आन् ते वर," एकदा म्हणाले. "त्यास्नी कळप कसा दिसत आसंल रं? लई वाटायचं, एकदा वरनं बघावं. तुझ्या इमानातनं आपली वस्ती दिसंल का?"

"दिसंल की!" मी बोलून गेलो.

कसली दिसते! कॉम्प्युटरच्या नकाशात आमच्या वस्तीच्या जागी नुसतं तपकिरी घोंगडं पसरलेलं होतं. मग महिनाभर प्रत्येक सुट्टीला खपून मी तिथं पत्र्याचं घर, विहीर आणि लिंबाचं झाड बसवलं. मित्र म्हणाला, "अरे, छोट्या विमानातून दाखव, पाच मिनिटांचं काम!" छे! बापाला पहिल्यांदा विमानात बसवायचं आणि ते असल्या खटाऱ्यात? (अंगात कॅप्टन आला की असं होतं.)

दिवस दसऱ्याचा धरला. त्या दिवशी मोटरींची पूजा असते, त्या बंद, म्हणजे व्होल्टेज फुल्ल! पण सकाळी बघतो तर आईनं कॉम्प्युटरचीही पूजा करून ठेवलेली. स्क्रीनला हळदकुंकू, जॉयस्टिकच्या दांडीला झेंडूचा हा एवढा हार!

"पूजलेल्या अवजाराला आज हात लावायचा न्हाई," आई म्हणाली.

"अवजार कुठलं? वाहन हाय ते!" नवा फेटा बांधून आलेल्या आप्पांनी निकाल दिला. "वाहन दसऱ्याला फिरवून आणत्यात!"

आईनं फिरवायची परवानगी दिली, पण हार काढायची दिली नाही.

मी बटणं सुरू केली. दहा मिनिटं झाली. वीस झाली. आप्पांनी दोनदा तंबाखू मळली.

"आरं, एवढ्या वेळात मी मेंढरं घिऊन घाट उतरलो आसतो!"

"आप्पा, खऱ्या विमानाला असाच वेळ लागतो."

शेवटी उडालो. पुण्याहून पूर्वेला वळलो, मुद्दाम खालूनच. ऑटोपायलट लावला नाही, वडिलांना घेऊन जाताना विमान हातानंच चालवायचं! समोर आमचा पत्रा दिसायला लागला. आप्पा खुर्चीतून अर्धे उठले, आणि दारातून आवाज आला, "घ्या सोनं!"

आप्पांचे थोरले भाऊ, नाना, आपट्याची पानं घेऊन उभे!

"ऊठ, नानाच्या पाया पड," आप्पा म्हणाले.

"आप्पा, विमान हातात हाय!"

"मग ठिव खाली!"

दसऱ्याला दारात आलेल्या थोरल्या चुलत्यासमोर बसून राहणारा पुतण्या आमच्या घराण्यात अजून जन्मला नाही. मी दांडी सोडली आणि वाकलो. नानांचा आशीर्वाद म्हणजे माझ्या लग्नापासून उसाच्या तोडीपर्यंत! इकडे हाराच्या वजनानं दांडी पुढं कलली, विमानानं नाक खाली घातलं आणि आतून इंग्रजीत बोंब सुरू झाली, "पुल अप! पुल अप!"

"घरात पाव्हणा हाय व्हय रं कुनी?" नानांनी विचारलं.

मी नानांच्या पायाशीच वळलो, झेप घेतली आणि पॉजचं बटण दाबलं. विमान आमच्या विहिरीच्या डोक्यावर थांबलं. आख्ख्या काचेत आमची वस्ती!

आप्पा पुढे सरकले. काचेवर बोट ठेवत म्हणाले, "ही हीर. हा लिंब. आन् मेंढरं कोंडायचं वाडगं? मेंढरं कुठायत?"

"आप्पा, मेंढरं विकून किती वर्षं झाली. आता कुठली?"

"व्हय की," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, वरनं तवाचं दिसंल."

महिनाभर पत्र्याचा रंग जुळवत बसलो, पण माणसाला काय बघायचंय हे विचारायचं राहिलं. मी पुढं उडवायला हात घातला, तर आप्पांनी मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे आसंच. नाना, हितं बघ, हितं आपलं वाडगं होतं का न्हाई?"

नाना खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "आरं, थोडं अल्याड. त्या काळ्या मेंढीनं काट्यांचं कूप मोडलं होतं ती जागा!" मग दोघं भाऊ तासभर त्या काचेत कळप चारत राहिले. सोनं द्यायला येणारा प्रत्येक जण डोकावून जायचा.

त्यातल्या एकानं विचारलं, "आप्पा, पोरगं पायलट झालं म्हनं?"

"झालं की!" आप्पा फेटा सावरत म्हणाले. "चालवायला तेवढं जमत न्हाई आजून, पर हवेत उभं करतंय झकास!"