दोन मतांचे सात धनी

केस कापायला खुर्चीत बसलेला माणूस खोटं बोलत नाही, असा माझा समज होता. रेफील्ड मेटोयरच्या खटल्यानंतर तो पार धुऊन गेला.

लुइझियानात तेव्हा कायदाच तसा होता. ज्युरीत माणसं बारा, पण दहांचं जमलं की झालं, आरोपी जन्मभर आत. पाचांमुखी परमेश्वर म्हणतात, आमच्याकडे तो दहांच्या मुखी असायचा आणि उरलेल्या दोघांना गप बसवायचा. पेट्रोल पंपावरच्या खुनासाठी रेफील्डला असंच दहा विरुद्ध दोन मतांनी आत घातलं. न्यायाधीशांनी सगळ्यांच्या मतांच्या चिठ्ठ्या वाचल्या आणि पाकिटात बंद करून टाकल्या. ते दोघं कोण, हे बाहेर कुणालाच कळलं नाही.

पुढे ज्याच्या शब्दावर रेफील्ड आत गेला, त्या पंपावरच्या साक्षीदाराने दुसऱ्या एका खटल्यात भलत्याच माणसाकडे बोट दाखवलं आणि तोंडघशी पडला. मग गावाला रेफील्डची दया यायला लागली, आणि ते दोघंही वाढायला लागले. आधी ज्युरीत बसलेला खाटीक हॉलिस माझ्या खुर्चीत बसून म्हणाला, "कुणाला सांगू नकोस, पण त्या दोघांतला एक मी. टेबलावर मूठ आपटून भांडलो मी त्या दिवशी." मी कात्री चालवत राहिलो. पुढच्या आठवड्यात दुसरा आला, तोही भांडला होता. बायकांत आणखी निघाल्या. होता होता दोन मतांचे सात धनी झाले. प्रत्येक जण सांजेपर्यंत भांडलेला, आणि प्रत्येक जण रेफील्डच्या आईला, अल्झिनाला, जातीने सांगून आलेला. तिने प्रत्येकाला कॉफी दिली.

फक्त व्हर्डी गिलरी काही बोलली नाही. ती शाळेची बस चालवायची. तिचं घर अल्झिनाच्या बरोबर समोर, आणि ती ज्युरीत बसलेली अल्झिनाने डोळ्यांनी पाहिलेली. सकाळी व्हर्डी बाहेर पडली की अल्झिना ओट्यावरची आपली खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून बसायची. अशी किती वर्षं गेली! घर विकावं म्हटलं तर घेणार कोण? चर्चला जावं तर अल्झिना पुढच्याच बाकावर. व्हर्डी त्या रस्त्यात अडकली होती, बस इतकंच.

मी एकदा न राहवून विचारलं, "व्हर्डी, तू कुणातली?"

"दोघांतली," ती म्हणाली.

"मग सांग की तिला जाऊन."

"आणि ती काय म्हणेल? आली बघा आठवी." तिने पर्स उचलली. "खरं होतं ते वापरून वापरून या लोकांनी त्याचा चोथा केला. आता माझ्याकडे सांगायला काही उरलं नाही."

मला हॉलिसचा असा राग आला की पुढच्या खेपेला त्याचा एक कल्ला मुद्दाम आखूड ठेवला.

मग राज्याने लोकांनाच विचारायचं ठरवलं, यापुढे बाराही जणांचं एकमत हवं की नको. व्हर्डीने सुट्टीचे दिवस काढून दारोदार हिंडून मतं मागितली. रस्त्यातलं एकच दार तिने वाजवलं नाही. कायदा बदलला. माझ्या दुकानात लोकांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, नवा नियम नव्या वर्षानंतरच्या गुन्ह्यांना. जुने आत गेलेले आतच. बैल गेला आणि झोपा केला, आणि आमचा बैल तर जिवंत होता, फक्त त्याला कुणी बाहेर काढत नव्हतं.

पुढच्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासात, शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून चर्चच्या हॉलमध्ये नेहमीसारखं मासे तळणं चाललं होतं. मी पिठात घोळवत होतो, व्हर्डी कढईवर होती. अल्झिना नेहमी तिची कढई सोडून पलीकडच्या टेबलावर जायची. त्या दिवशी ती ताट घेऊन व्हर्डीसमोर येऊन उभी राहिली.

"नव्या कायद्यासाठी सगळ्यांची दारं वाजवलीस. माझं का नाही?"

"तुमच्या दारात कुठल्या तोंडाने येऊ, मिस अल्झिना?"

"बाकीचे आले की. सगळे भांडले होते म्हणे माझ्या पोरासाठी. तू भांडलीस?"

व्हर्डीने झारा खाली ठेवला. मला वाटलं, आता तरी बोलेल ही काहीतरी चांगलं.

"नाही," ती म्हणाली. "हात वर करायला सांगितलं. दहा वर गेले. माझा खाली होता. ज्युरीचा प्रमुख म्हणाला, जमलं, चला. मला कुणी का म्हणून विचारलंसुद्धा नाही. माझी गरजच नव्हती त्यांना. सँडविच आली होती, ती सगळ्यांनी खाल्ली. मीही खाल्लं. आणि पर्स घेऊन बाहेर आले."

रांगेत मागे हॉलिस उभा होता, तो आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"मी बाहेरच्या बाकावर बसले होते," अल्झिना म्हणाली. "सँडविचची खोकी आत जाताना पाहिली. हातातली जपमाळ पूर्ण व्हायच्या आत तुम्ही बाहेर आलात. सांजेपर्यंत भांडायला वेळ होता कुठे? मी कॉफी पाजत होते आणि वाट बघत होते, की यातलं कुणीतरी येऊन सांगेल, मी काहीच केलं नाही." तिने ताट पुढे केलं. "वाढ."

व्हर्डीला वाढता येईना. शेवटी मीच मासा वाढला.

अल्झिनाची नजर अधू झाल्यापासून तुरुंगात भेटीला तिला मीच गाडीतून नेतो. तुरुंगाने व्हर्डीच्या नावाला परवानगी दिली, तेव्हा तीही आली. रेफील्ड आता टकला झालाय, त्याच्या लहानपणी त्याचे केस मीच कापायचो. तो टेबलापलीकडे बसला आणि व्हर्डीकडे बघतच राहिला.

"ओळखलंस?" अल्झिनाने विचारलं.

"बाराही ओळखतो, मम्मा. रोज झोपताना बाराही चेहरे समोर आणतो आणि ते दोन शोधतो." तो व्हर्डीकडे वळला. "निकाल वाचला तेव्हा तुम्ही खाली बघत होतात, मॅम. म्हणून मम्मा सांगेपर्यंत मी तुम्हाला कायम दहांतच धरलं."

"मला तुझ्याकडे बघवेना," व्हर्डी म्हणाली.

"आता बघा."

तिने मान वर केली. भेट संपेपर्यंत ती त्याच्याकडे बघत होती, आणि पहारेकऱ्याने वेळ झाली म्हटल्यावर आम्ही तिघं उठलो आणि तो बसून राहिला.