गौरीची गुलाबी पावलं

अगं, ये इकडे, अशी जवळ बस. नाशकात उतरलीस की आधी धाकट्या आजीकडे जेवायला, आणि माझ्याकडे उभ्या उभ्या चहाला? शोभतं का नातीला? ती पावलं बघायला गेली असशील. सगळेच जातात.

मग त्या पावलांचं माझ्याकडूनही ऐक. गौरी पूर्वी आमच्याकडेच बसायच्या, थोरलं घर म्हणून. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत ओल्या कुंकवाची पावलं मीच काढायची. मूठ टेकवायची, वर बोटांचे ठिपके. शहाबादी फरशी ती, विसर्जनानंतर ओलं फडकं फिरवलं की साफ.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा धाकट्या दिरांनी गंगापूर रोडला बंगला बांधला. खाली पांढराशुभ्र इटालियन मार्बल. वाकून त्यात टिकली सरळ करून घ्यावी, असा लखलखीत. सासूबाई म्हणाल्या, गौरी आता तिकडे बसू देत, जागा ऐसपैस आहे. झालं. गौरी गेल्या, त्यांच्यामागे सगळा गोतावळाही तिकडे वळला.

तुझ्या धाकट्या आजीने त्या फरशीचे लाड किती करावेत! लिंबू सांडायचं नाही, फिनेल नाही, साधं पाणी, मऊ सुती फडकं आणि लगेच कोरडं करायचं. ओल्या कुंकवाला ती तयारच नव्हती. बाजारातून चिकटवायची पावलं आणली होती. सासूबाईंनी ती सोलून काढली.

"गौर काय कागदावरून चालत येणार आहे का गं?"

जावेनं कुंकवात मूठ भिजवली.

सण झाल्यावर पुसायला गेली, तर दगडानं कुंकू पिऊन टाकलेलं. पॉलिशवाला मशीन घेऊन आला, त्यानं घासघास घासलं. बाकीची गेली, देवघरापुढची जोडी तेवढी राहिली, फिकट गुलाबी. मला, खरं सांगते, गार वाटलं. म्हटलं, मिरव आता डाग.

तर सासूबाई त्या डागापुढे हात जोडून म्हणाल्या, "गौर इथं मुक्कामालाच राहिली बघ."

डागाचं देवस्थान झालं गं बाई. अजून बायका तिथे फूल ठेवतात. तुझी धाकटी आजी कामवालीलासुद्धा तिथे फडकं लावू देत नाही, स्वतः पुसते. आणि मी इतकी वर्षं पावलं काढली, एकाचीही खूण नाही. माझी फरशी पुसली की विसरली.

असू देत गौरी तिकडे. तू मात्र भाद्रपदाच्या आधी ये आणि माझ्या उंबऱ्याशी तुझी कुंकवाची मूठ उमटवून जा. मी पुसणार नाही. लवकर ये, आणि या खेपेला आधी माझ्याकडे.