बरी, पण तपासणीला

छकी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. वय बत्तीस, तरी घरात अजून छकीच. पंधराव्या वर्षी तिला कॅन्सर झाला होता. मानेत आणि छातीत गाठी. औषधं झाली, छातीवर रेडिएशन झालं, केस गेले, परत आले. "बरी झालीस, पळ आता!" डॉक्टर म्हणाले, आणि ती पळालीच. घरात पुन्हा तो विषय कुणी काढला नाही.

यंदा खोकला हटेना म्हणून ती दुकानाशेजारच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. छाती तपासताना त्यांना गोंदल्यासारखे बारीक निळे ठिपके दिसले.

"हे रेडिएशनसाठी केलेल्या खुणांचे ठिपके ना? स्तनांची तपासणी दरवर्षी करतेस?"

"मला काही झालंय का?"

"नाही गं, खोकला साधाच आहे. पण लहान वयात छातीवर किरण घेतलेल्यांना पुढे स्तनाच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो. तुझी मॅमोग्राफी आणि एमआरआय पंचविशीपासूनच सुरू व्हायला हवी होती."

ज्या किरणांनी वाचवलं, त्यांनाच भ्यायचं? छकीला काही उलगडेना.

तपासणी केंद्रावरच्या बाई म्हणाल्या, "बत्तीस? चाळिशीनंतर या." छकी हायसं वाटून जिना उतरली आणि मध्येच थांबली. दोघींतलं खरं कुणाचं? तिनं तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी केंद्रावरच्या बाईंना समजावलं आणि तारीख मिळाली.

आई ऐकून चिडली. "मिटलेलं कशाला उकरून काढायचं?" पण तपासणीच्या दिवशी न सांगता चपला घालून दारात उभी.

छकी पालथी पडून एमआरआयच्या यंत्रात गेली. ठोकाठोकीचा आवाज कानठळ्या बसवणारा. आपण आजारी म्हणून इथे आलो की धडधाकट म्हणून, हे तिला आतही ठरवता येईना.

दोन्ही तपासण्या स्वच्छ निघाल्या. आईनं डॉक्टरीणबाईंना गाठलंच. "एकदाच काय ते सांगा, पोरगी बरी आहे की आजारी?"

"बरी आहे. फक्त दरवर्षी बघत राहायचं."

"आम्हाला इतकी वर्षं कुणी बोललं का नाही?"

"बोलायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुकानात मालकांनी विचारलं, "काय निघालं?"

"काही नाही."

"म्हणजे सुटलीस!"

"नाही, पुढच्या वर्षी परत."

मालकांनी डोकं खाजवलं. "मग हे चांगलं की वाईट?"

"चांगलंच असावं," छकी म्हणाली आणि पुढची काच उचलली.