गोल आलेल्या भाकरी

जाफराबादहून जालन्याला येणाऱ्या एसटीत तो रोज माझ्या शेजारी बसायचा. एकदा गाडी वाटेत बंद पडली, तेव्हा त्याने डबा उघडला. तुटक्या, करपलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

"वहिनींना आज घाई झाली वाटतं," मी म्हणालो.

"मीच करतो, साहेब. बराबर गोल आल्या त्या तिच्या डब्यात गेल्या, वर काकडीचं फूल. बियाण्याच्या कंपनीत चार बायांमधी बसून खाती ती. डबा देखणा नको का?"

एवढं बोलून तो करपलेला तुकडा आवडीनं खाऊ लागला.

माझी बायकोही नोकरी करते, माझाही डबा तीच भरते. तिच्या डब्यात काय असतं, हे मी वीस वर्षांत विचारलं नव्हतं.

दुपारी तिला फोन केला. "जेवलीस का? काय नेलंयस?"

ती घाबरलीच. "का हो, काय झालं?"