आवाज बंद ठेवून पाहिलेला शो

माझे मिस्टर बहिरे होते, आणि डोंबिवलीत रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान चालवायचे.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. जुन्या गिऱ्हाइकांना ही गोष्ट माहीत आहे, बाकीच्यांना आज सांगते.

जन्मापासून नव्हे हं. लग्न झालं तेव्हा यांचे कान इतके तिखट होते की शेजारच्या बिऱ्हाडातला रेडिओ स्टेशनवरून जरा सरकला तरी जेवता जेवता उठायचे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हळूहळू कमी होत गेलं. ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, नस सुकत चाललीय, कानाच्या मशीनचा फारसा उपयोग नाही.

परत येताना हे एवढंच म्हणाले, "दुकानात कुणाला कळता कामा नये."

बरोबरच होतं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडे टेप दुरुस्तीला कोण देणार?

म्हणून मी दुकानात बसायला लागले. लोकांना वाटायचं, बाई गल्ल्यावर बसल्यात. मी ऐकायला बसलेले. घरघर असली की यांना खूण म्हणून पदर सारखा करायचा. आवाज फाटत असला की बांगड्या मागे सारायच्या. ठीक असलं की गप्प बसायचं. गप्प बसणं मला किती अवघड, ते माझी फ्रेंडलिस्ट जाणते.

शेवटच्या काही वर्षांत यांना एक नाद लागला. परदेशातले ते रिअ‍ॅलिटी शो. कुणाच्या तरी माळ्यावरून जुना रेकॉर्ड प्लेअर नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर आणायचा, तासाभरात चकाचक करून मालकाला द्यायचा. हे म्यूट करून बघायचे आणि मी बाजूला भाजी निवडत वैतागायचे.

सगळं खोटं हो. आत एक झुरळ नाही. लाइट जात नाहीत. मालक खेटे घालत नाही, त्याला "उद्या या" सांगावं लागत नाही. धूर निघाला की नेमका अ‍ॅड ब्रेक. शेवटी वरचं कापड काढतात आणि मालक तोंडावर हात ठेवून रडतो.

आणि कारागीर कायम एकटा. त्याची बायको कुठे असते कोण जाणे.

यांना मधलं काही नको असायचं. शेवट आला की चष्मा लावून पुढे सरकायचे आणि मालकाचा चेहरा बघायचे. "ही खरी रडतेय," म्हणायचे. नाहीतर, "हा नाटकी."

चेहऱ्यावरचं त्यांना कळायला लागलं ते खोपटच्या जाधवांमुळे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जाधव एसटीत मेकॅनिक होते. त्यांचे वडील भीमजयंतीला वस्तीत गाणी म्हणायचे. ते वारले आणि मागे एक कॅसेट राहिली, घरच्याच टेपवर भरलेली. पुढे त्या टेपची मोटर जळाली. यांनी नवी बसवली, मी माझी नेहमीची कॅसेट लावून स्पीड ऐकला. अगदी बरोबर होता.

जाधवांनी वडिलांची कॅसेट लावली आणि दोन ओळींतच बंद केली.

"हा माझा बाप नाय ओ. कोणतरी पोरगा गातोय. तुम्ही स्वतः ऐकलंत का?"

दुकानात आणखी दोघं उभी होती. मी "हो" म्हणायला तोंड उघडलं.

ओठ वाचायची सवय झालेली यांना. माझ्याआधी हेच म्हणाले, "मला ऐकू येत नाही. ही ऐकते."

वाटलं, संपलं आपलं दुकान.

जाधव आमच्याकडे बघत राहिले. यांनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि समजावलं. कॅसेट भरली तेव्हा जुनी मोटर थकून हळू चालत असणार. नवी बरोबर वेगाने चालतेय, म्हणून वडील घाईघाईत, बारीक आवाजात गातायत.

मग बारीक स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मोटरचा स्पीड कमी करायला लागले. मशीनकडे बघतच नव्हते. जाधवांच्या चेहऱ्याकडे बघत होते.

गाणं खाली उतरत गेलं, आवाज भरदार होत गेला. एका जागी जाधवांची हनुवटी थरथरली. ते काही बोलायच्या आत यांचा हात थांबला.

"हाच," जाधव म्हणाले. "हाच आमचा बाबा."

टेप चुकीच्या स्पीडवर ठेवूनच घेऊन गेले. शोमध्ये असं कुणी करणार नाही, तिथे सगळं कंपनीतून आल्यासारखं व्हायला हवं.

बातमी पसरली. काही गिऱ्हाईकं तुटली, खोटं कशाला बोलू. पण हे मोकळे झाले. त्यानंतर ज्याचा टेप त्यालाच स्टुलावर बसवून ऐकवायचे आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. गाणं यांच्यापर्यंत आता तेवढ्याच वाटेने यायचं.

जायच्या आधीच्या दिवाळीत, शोमध्ये एका म्हाताऱ्या बाईला तिच्या नवऱ्याचा जुना आवाज ऐकवला. खाली लिहून येत होतं, ते यांनी वाचलं. मग मला विचारलं, "तुझा आवाज आता कसा झालाय गं?"

काय सांगणार? घोगरा झालाय, बसलाय. फोनवर लोक मला "सर" म्हणतात.

मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि ओठ नीट हलवत म्हटलं, "होता तसाच आहे."

हे माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ज्याला टीव्हीवरचं खोटं रडणं कळायचं, त्याला माझं खोटं कळलं नसेल होय?

"बरं झालं," म्हणाले, आणि टीव्ही बंद केला.

टेपच्या दुकानात अर्धा जन्म गेला आमचा, पण माझा तरुणपणचा आवाज कुठल्याच कॅसेटवर भरलेला नाही. तेव्हा सुचलंच नाही. तो फक्त यांच्या लक्षात होता.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी तोही गेला.

अहो, घरात बोलताना कुणाकडे तोंड करायचं ते अजून कळत नाही मला.

फोटोला हार घातलाय. नमस्कार करते.