धुऱ्यावरची हाक

वसंतभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी सेलूच्या बाजारात बसले होते. समोर वांग्यांचा ढीग आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. फोन आर्वीहून त्यांच्या मुलीचा होता. "काकू, बाबा गेले. सकाळी उठलेच नाहीत." कधी नेणार, ते मी विचारलं. दुपारनंतर, म्हणाली. मग मी आधी माल विकला. सांबार उन्हात सुकतो, तो कोणासाठी थांबत नाही. उरलेल्या जुड्या शेजारच्या बाईकडे टाकल्या आणि वर्ध्याला गाडी बदलून आर्वीकडे निघाले. कंडक्टरने कुठे जायचं विचारलं, तेव्हा मला पटकन गावाचं नाव सांगता येईना... तेवढंच. बाकी मी रडणाऱ्यांतली नाही, आणि भाऊंना रडणारी माणसं फारशी आवडतही नसत.

वसंतभाऊ आर्वी डेपोत कंडक्टर होते. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी आणि निवृत्त झाल्यावर रोजच, ते गावोगाव नाटकाची शिबिरं घ्यायचे. नाटक म्हटलं की लोकांना पडदा, पेटी, पाठ केलेली भाषणं आठवतात. भाऊंचं तसं नव्हतं. गावात जी गोष्ट अडून बसली आहे तीच गावकऱ्यांनी करून दाखवायची, आणि बघणाऱ्याला पटलं नाही तर त्याने नाटक थांबवून स्वतः आत यायचं. थांबवायला त्यांनी बसमधल्यासारखी दोरी आणि घंटी ठेवली होती. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, थांबे राहत. त्यामुळे ते सगळ्यांना थांब्याच्या नावाने हाक मारायचे. आमचं गाव हिंगणीच्या पुढे, जंगलाच्या अंगाला. मला ते शेवटपर्यंत 'हिंगणी'च म्हणाले.

त्यांची-माझी गाठ पडली ती तारेमुळे. आमच्याकडे भाजीपाल्याची शेती आणि शेजारी बोर अभयारण्याचं जंगल. रानडुकरांचा कळप एकदा वावरात शिरला की सकाळी उभं काही दिसत नाही. म्हणून बरेच जण वावराभोवती उघडी तार ओढायचे आणि अंधार पडला की विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतून तिच्यात लाईन, म्हणजे वीज, सोडायचे. सकाळी काढायची. हा गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणूनच त्यावर कोणी बोलत नसे. शेजारच्या वावरात एक बैल चिकटून मेला तेव्हा 'पान लागलं' म्हणून सांगितलं गेलं. पान लागणं म्हणजे साप चावणं. सगळं गाव हो म्हणालं. आमच्या वावरातही लाईन होती. माझे दीर रामूभाऊजी ती सोडायचे आणि तेच काढायचे. पण गाडी सेलूला लवकर निघते, त्यामुळे उजाडायच्या आधी वांगी तोडायला सगळ्यांत पहिली वावरात जाणारी बाई मी. भाऊजी कधी उशिरा उठत, कधी काढली की नाही हेच विसरत. मी घरात भांडले. नवरा म्हणाला, त्याले सांग. भाऊजींना सांगितलं तर म्हणाले, "वयनी, डुकरं तू हाकलतं काय मंग?" विषय संपला.

बचत गटाच्या बायकांनी भाऊंना बोलावलं ते दारूवर नाटक करायला. मी गेले कारण गटाची सतरंजी आमच्या घरी होती आणि ती पोचवायची होती. समाज मंदिरात बायका गोल करून बसल्या होत्या. मध्ये पांढऱ्या शर्टातला एक ठेंगणा म्हातारा. तो म्हणाला, "दारूचं नंतर पाहू. आधी मले तुमची सकाळ दाखवा. उठल्यापासून वावरात जाईपर्यंत. तोंडातून शब्द नाई काढाचा." मला हा पोरखेळ वाटला. तरी आम्ही उठलो. कोणी चूल पेटवली, कोणी पाणी भरलं, कोणी पोराला चापट मारली. हसणं चाललं होतं. मग टोपली डोक्यावर घेऊन सगळ्या निघालो, आणि वावराशी पोचलो असू तेव्हा भाऊ एकदम म्हणाले, "तशाच राहा. हलू नका. आता एकमेकींकडे पाहा."

मी पाहिलं. खोलीतल्या जवळजवळ सगळ्या बायका एका जागी उभ्या होत्या, आणि प्रत्येकीचा एक हात तोंडाशी होता. माझाही.

"हे काय आहे वं?" भाऊंनी विचारलं. "सगळ्याच्या सगळ्या कोणाले हाका मारून राह्यल्या?"

आम्ही धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, थांबून 'लाईन काढली काय?' म्हणून ओरडतो आणि उत्तर आल्याशिवाय पाय पुढे टाकत नाही, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, आणि आम्ही एकमेकींशी त्याबद्दल कधी बोललोही नव्हतो. बोलायचंच नाही असं ठरलेल्या गावात हातांनी मात्र सगळं सांगून टाकलं होतं. त्या माणसाला आमच्या गावात येऊन अर्धा दिवसही झाला नव्हता. मी व्यवहाराने चालणारी बाई आहे, चमत्कारावर माझा विश्वास नाही. पण त्या दिवशी अंगावर काटा आला तो अजून आठवतो. शेवटी एका म्हातारीने हात खाली घेतला आणि ती म्हणाली, "सांगून टाका वं बायांनो. बैलाले साप नोता चावला."

दारू राहिली बाजूला. नाटक तारेवर झालं, चौकात, ऊन उतरल्यावर. भाऊंनी दोन दगडांच्या मध्ये सुतळी बांधली, ती तार. पलीकडे स्वतः चादर पांघरून झोपले, ते घरी झोपलेले वावराचे मालक. गटातली एक जण, माझी जाऊ, टोपली घेऊन धुऱ्यावर आली, हाक मारली, मालक घोरत राहिला. गाडीची वेळ होत आली. ती पाय उचलते आणि तिथेच नाटक थांबतं. मग भाऊंनी चादरीतून डोकं काढून विचारलं, "या बाईनं काय कराव? ज्याले वाटते त्यानं घंटी वाजवाव, तिच्या जागी याव अन् करून दाखवाव. फक्त तिचंच करता येईन. माह्यं नाई."

पुरुषांना जोर आला. बाईने काय करावं हे सांगायला पुरुषांना जोर येतोच. एक जण आला आणि घसा फुटेपर्यंत ओरडला, भाऊ घोरतच राहिले. दुसरा म्हणाला, घरी जाऊन उठवावं. गेला, तर मालकाची बायको झालेल्या बाईने सांगितलं, "ते तं रातीच वर्ध्याले गेले." लोक हसले. मग आमचे रामूभाऊजी उठले. ते चिडले होते. त्यांना वाटत होतं की हे सगळं मीच घडवून आणलं आहे. त्यांनी घंटी ओढली, टोपली माझ्या जावेच्या हातातून हिसकली आणि म्हणाले, "इतकं काय आहे त्याच्यात? द्या इकडे."

त्यांनी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. भाऊंचं घोरणंही आता थांबलं होतं. चादर नुसती पडून होती. भाऊजी सुतळीसमोर उभे राहिले. पाय उचलला... आणि तसाच परत ठेवला. पुन्हा उचलला. मागून कोणीतरी ओरडलं, "टाक ना गा पाय! सुतळी होय ते!" भाऊजी वळले नाहीत. "तू टाक," म्हणाले. तो ओरडणारा पुढे आला, टेचात आला, आणि सुतळीपाशी येऊन त्याचाही पाय अडला. गावातल्या प्रत्येकाला माहीत होतं की ती आमच्याच गोठ्यातली सुतळी आहे, आणि ती कोणाला ओलांडता येत नव्हती. भाऊंना ते थांबवता आलं असतं, दोन शब्द बोलता आले असते. ते चादरीखाली पडून राहिले. अर्ध्या गावाला घरी जायची वाट त्या चौकातून होती. लोक उठले, आणि एकजात सगळे दगडाला वळसा घालून गेले. लहान पोरंसुद्धा.

माणसं गेल्यावर भाऊ उठले, चादर झटकली आणि चहा मागितला. मी त्यांना रागानेच विचारलं, "तुमी शेवटी काही बोलले काऊन नाई? सगळे जमले होते. तार काढा म्हणून सांगायचं ना!" त्यांनी बशीत चहा ओतला. "हिंगणी, मी तिकीट फाडतो. कुठं उतराचं ते पॅसिंजरच्या मनावर." असली वाक्यं त्यांच्याकडे बरीच असत आणि दर वेळी मला पटत असं नाही. पण त्या रात्री आमच्या पेटीतून लाईन सुटली नाही. भाऊजी काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. सकाळी मी धुऱ्यावर हाक मारली तर ते वावरातच उभे होते. "ये," म्हणाले. त्यांनी रात्रभर टिनाचा डबा बडवत जागल केली होती.

लोकांना अशा गोष्टींचा शेवट गोड हवा असतो. तो सांगता येणार नाही. डुकरं थांबली नाहीत. त्या हंगामात आमचं अर्धं वांगं गेलं, आणि घरात त्यावरून बोलणी मी खाल्ली. हळूहळू जोड्या लावून जागल सुरू झाली. भांडणं झाली, कोण झोपला, कोण आलाच नाही. एका घराने पुढच्या वर्षी गुपचूप तार पुन्हा ओढली आणि गटाच्या बायका त्यांच्या धुऱ्यावर जाऊन बसल्या तेव्हाच काढली. पण आमच्या गावात तारेने माणूस मेला नाही. मेला असता तर पहिली मी असते. हे मी हिशेबाने सांगते आहे, भावनेने नाही.

त्यानंतर मी भाऊंबरोबर जमेल तसं जाऊ लागले. कधी पाण्याच्या पाळ्या, कधी पोरींची शाळा, कधी सासू-सुनांचं. काही गावांत कोणीच घंटी ओढली नाही. कारंजाकडच्या एका गावात लोक शेवटपर्यंत हाताची घडी घालून बसले. भाऊंनी दोरी गुंडाळली आणि परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून झोपले. मला वाटलं खचले असतील. आर्वी आल्यावर उठून म्हणाले, "गावाले अजून उतराचं नाई. जाऊ पुन्हा." ते गेले, पुन्हा पुन्हा गेले. चिडायचे मात्र पुष्कळ. शिबिराला कोणी उशिरा आलं की त्याला दारातच, "गाडी गेली!" आणि खरंच आत घेत नसत. एकदा तर खुद्द सरपंचाला बाहेर ठेवलं होतं.

तेरवीला आर्वीला आम्ही बरेच जण जमलो. रामूभाऊजीही आले होते, न सांगता, आमच्याच गाडीत मागच्या सीटवर बसून. जेवणं झाल्यावर एक बाई मला शोधत आली. ती कारंजाकडच्या त्याच गावची होती. तिच्या गावात तारेने एक तरुण बाई गेली होती, महिनाही झाला नव्हता. गावाने साप चावला म्हणून सांगितलं होतं. "भाऊ येतो म्हणाले होते," ती म्हणाली. "आता कोणाले बोलवाव?" मी भाजी विकते. माणसांची सकाळ बघून त्यातलं न बोललेलं ओळखणं मला येत नाही, आणि खोटा दिलासा देणं मला जमत नाही. तेवढ्यात शेजारून भाऊजी म्हणाले, "आमी येतो."

गेल्या आठवड्यात गेलो. ग्रामपंचायतीची खोली भरली होती, पुरुष एका भिंतीला, बायका दुसऱ्या. सगळ्यांचे चेहरे बंद. मी ठरवून गेले होते की आधी सकाळ दाखवायला सांगायचं, भाऊ करायचे तसं. मी तोंड उघडणार एवढ्यात भाऊजी उठून मध्ये आले. त्यांना बोलायची सवय नाही. हातातला दुपट्टा पिळत उभे राहिले. मला वाटलं, परत येऊन बसतील.

"माह्या वावरात लाईन होती," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांनी आमच्या गावात कधी उच्चारलं नव्हतं. घरात नाही, बायकोजवळ नाही, माझ्याजवळ तर नाहीच. तार काढली त्या दिवशीही नाही. आणि आता ते अनोळखी खोलीत, पोलिस पाटील समोर बसलेला असताना बोलत होते.

"ह्या माह्या वयनी. रोज सकाळी पयले वावरात ह्याच जात. मी दोनदा लाईन काढाची विसरलो. दोन्ही दिवशी ह्यायनं धुऱ्यावरून हाक देल्ली म्हणून वाचल्या. मी कोणाले सांगतलं नाई." त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला. "नाई वाचल्या असत्या, तं मीबी सापच सांगतला असता."

मला तोवर हे माहीत नव्हतं. दोनदा... मी पदर सावरला आणि समोर बघत राहिले. माझं काय व्हायचं ते मी घरी जाऊन बघणार होते. ती वेळ त्या गावाची होती. भाऊजी खाली बसले. समोरच्या भिंतीशी एक तरुण माणूस, ज्याची बायको गेली होती, गुडघ्यात घातलेलं डोकं वर काढून त्यांच्याकडे पाहत होता.